दीर्घिकागुच्छ एकमेकांकडे तोंड करून असतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू, देवास, उज्जैन असे आमच्या आकाशप्रेमी मंडळींच्या गोतावळ्यातून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. दर वेळी व्हॉट्सअॅपवर अर्धंमुर्धं उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलंय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. आकडेमोड नको असेल त्यांनी 5 आणि 6 गाळले तरी चालेल, पण मग 8 वर वाद घालू नये.

1. दीर्घिकागुच्छ म्हणजे काय? आपली आकाशगंगा अशा गुच्छात आहे का?

शेकडो, कधी हजारो दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या की त्याला गुच्छ म्हणतात. मोठ्या गुच्छाचं वस्तुमान साधारण एक लाख अब्ज सूर्यांपासून त्याच्या दहापटीपर्यंत असतं. त्यातला बहुतांश भाग न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा. उरलेल्यात कोट्यवधी अंश तापलेला वायू जास्त आणि प्रत्यक्ष दीर्घिका अगदी थोड्या. म्हणजे फोटोत जे दिसतं तो गुच्छाचा वरवरचा भाग. आपली आकाशगंगा गुच्छात नाही, एका लहान टोळक्यात आहे. जवळचा मोठा गुच्छ कन्या राशीतला, सुमारे 5.4 कोटी प्रकाशवर्षांवर.

2. गुच्छ काही बाण नाही. मग तो 'अमुक दिशेला आहे' असं कसं म्हणता?

बहुतेक गुच्छ गोल नसतात, लांबट असतात. लांबट वस्तूला एक लांब अक्ष असतो. त्याला टोक नसतं, फक्त रेषा असते. त्या रेषेबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारता येतात आणि निम्मा गोंधळ ते एकत्र केल्यामुळे होतो.

पहिला प्रश्न रोखाचा: या गुच्छाचा लांब अक्ष शेजारच्या गुच्छाच्या दिशेने रोखलेला आहे का? दुसरा समांतरतेचा: दोन गुच्छांचे लांब अक्ष एकमेकांना समांतर आहेत का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचंही तितक्याच जोरात 'हो' येईल असं नाही. रोख थोडा चुकलेले दोन गुच्छ एकमेकांशी त्याहून जास्त चुकलेले असू शकतात, कारण दोघांच्या चुका एकत्र येतात. प्रत्यक्ष निरीक्षणांतही रोख ठळक दिसतो आणि समांतरता फिकी (प्रश्न 7).

3. पण त्यांनी एकमेकांकडे रोख धरावाच कशाला? कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून कोण कोणाला ओढतंय?

रंगपंचमीच्या गेरीला (रंगांच्या मिरवणुकीला) इंदूरच्या राजवाड्यावर गर्दी कशी जमते ते आठवा. चौक चौकोनी असला तरी गर्दी चौकोनी नसते. ज्या रस्त्यांनी लोंढे येतात, त्या रस्त्यांत ती लांबत जाते. गुच्छांचंही तसंच. विश्वातलं द्रव्य तंतूंच्या जाळ्यात पसरलेलं आहे, गुच्छ त्या जाळ्याच्या गाठींवर तयार होतात आणि लहान टोळकी तंतूंवरून त्यांच्यात येऊन पडत राहतात. त्याच तंतूच्या दुसऱ्या टोकाला शेजारचा गुच्छ असतो. म्हणून आकार तिकडे लांबतो.

याकोव्ह झेल्दोविच यांनी 1970 मध्ये दाखवलं, की कोसळणारं द्रव्य सगळ्या बाजूंनी सारखं कोसळत नाही, आधी एका बाजूने चपटतं. बाँड, कोफमन आणि पोगोस्यान यांनी 1996 मध्ये या तंतुजालाचं चित्र पक्कं केलं. त्यांचा मुद्दा असा, की दोन गाठींमधला तंतू बऱ्याच अंशी सुरुवातीच्या बारीक चढउतारांतच आखला गेलेला असतो. तेव्हा आज कुणी कुणाला ओढून वळवतंय असं नाही. वळण जन्मापासूनचं आहे, शेजाऱ्याच्या ओढीचा भाग त्यात फार थोडा.

4. कोन मोजता कसा? एखादं उदाहरण द्या ना.

आकाशात उत्तर दिशा शून्य धरायची आणि पूर्वेकडे मोजत जायचं. हाच स्थितिकोन. उज्जैनच्या वेधशाळेतलं दिगंश यंत्र पाहिलं असेल, तर उत्तरेपासून कोन मोजण्याची सवय तुम्हाला आहेच. फरक इतकाच, की तिथे क्षितिजावर मोजतात, इथे गुच्छाच्या केंद्रावर. अक्षाला टोक नसल्यामुळे स्थितिकोन 0 ते 180 अंशांतच राहतो.

गुच्छाचा अक्ष काढायला सदस्य दीर्घिकांची केंद्रापासूनची अंतरं घेऊन त्यांचा पसारा कोणत्या दिशेला सर्वांत जास्त आहे ते पाहतात. शेजाऱ्याची दिशा गोलीय त्रिकोणमितीने मिळते.

कोमा गुच्छ घ्या: विषुवांश (आकाशातले रेखांश) 194.95 अंश, क्रांती (आकाशातले अक्षांश) 27.98 अंश. त्याचा शेजारी सिंह राशीतला अबेल 1367 (जॉर्ज अबेल यांच्या यादीतला गुच्छ, प्रश्न 8): विषुवांश 176.12, क्रांती 19.84. आकाशात दोघांत सुमारे 19 अंशांचं अंतर आहे, प्रत्यक्षात 10 कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. कोमाच्या केंद्रावरून अबेल 1367 कडे जाणाऱ्या रेषेचा स्थितिकोन सुमारे 69 अंश येतो. कोमाचा स्वतःचा लांब अक्ष 70 ते 80 अंशांच्या दरम्यान मोजला गेला आहे. म्हणजे रोख जवळपास बरोबर.

आता हीच रेषा उलट बाजूने मोजा. अबेल 1367 वरून कोमाकडे पाहिलं तर 69 नाही, 61 अंश येतात. रेषा तीच, कोन 8 अंशांनी वेगळा, कारण उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात. लांबच्या जोड्यांत 'समांतर' तपासताना दोन स्थितिकोनांची सरळ वजाबाकी केली की ही चूक आत शिरते. दोन्ही अक्षांचे कोन त्यांना जोडणाऱ्या रेषेपासून मोजायचे आणि मग वजाबाकी करायची.

5. माझ्या यादीत अक्ष आणि शेजाऱ्याची दिशा यांतला कोन सरासरी 41 अंश आला. म्हणजे जुळतंय ना?

किती गुच्छ घेतलेत, ते सांगितल्याशिवाय याला उत्तर नाही.

अक्षाला टोक नसल्यामुळे हा कोन 0 ते 90 मध्येच येतो. काहीही जुळणी नसेल तर 0 ते 90 मधला प्रत्येक कोन सारखाच शक्य आणि सरासरी 45. पण एका-एका गुच्छाचा कोन या 45 भोवती प्रमाण विचलनाने 26 अंश इकडे-तिकडे भटकतो. म्हणून 44 गुच्छांच्या सरासरीत नुसत्या योगायोगाने सुमारे 4 अंशांची हलवाहलव अपेक्षित आहे. तुमचे 41 त्यात आरामात बसतात. गुच्छ 200 असतील तर हलवाहलव 1.8 अंशांची, मग 41 कडे लक्ष द्यावं लागेल. 6,600 असतील तर ती 0.3 अंशांवर येते आणि मग 44 सुद्धा बातमी आहे.

या विषयात चाळीस वर्षं जी भांडणं झाली, त्यांतली बरीचशी या एका परिच्छेदात मावतात असं माझं मत आहे. परिणाम खरा असला तरी दोन-तीन अंशांचा, आणि सुरुवातीच्या याद्या त्याला पकडण्याइतक्या मोठ्या नव्हत्या.

दुसरी खबरदारी: वरची आकडेमोड प्रत्येक कोन स्वतंत्र आहे असं धरते. तो नसतो. 'अ'चा जवळचा शेजारी 'ब' असेल तर बहुधा 'ब'चा जवळचा शेजारीही 'अ'च असतो आणि तीच जोडी दोनदा मोजली जाते. म्हणून सूत्रावर विसंबून राहू नका. गुच्छांच्या जागा तशाच ठेवा, स्थितिकोन मात्र पत्ते पिसावेत तसे आपसात बदला आणि सरासरी पुन्हा काढा. हे हजार वेळा करा. हजारांपैकी किती वेळा 41 किंवा त्याहून कमी आलं, ते तुमचं उत्तर. संगणकाला याला काही मिनिटंही लागत नाहीत, आणि तरी लोक हे का टाळतात ते मला कळलेलं नाही.

6. मी रेडशिफ्टवरून त्रिमितीत कोन काढले. सरासरी 57 आली. म्हणजे गुच्छ शेजाऱ्यापासून तोंड फिरवून बसलेत?

नाही हो. त्रिमितीत जुळणी अजिबात नसताना सरासरी 57.3 अंशच येते, 45 नाही. कारण एखाद्या दिशेला काटकोनात असलेल्या दिशा भरपूर असतात आणि तिच्या अगदी जवळच्या मोजक्या. त्रिमितीत कोन नव्हे, कोनाचा कोसाइन 0 ते 1 मध्ये सारखा पसरतो. हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी पाठवतंच, आणि दर वेळी आकडा तोच असतो, 57.

शिवाय रेडशिफ्टवरून, म्हणजे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला त्यावरून, काढलेल्या त्रिमितीवर फार भिस्त नको (प्रश्न 10).

7. शेवटी कुणाला काय सापडलं?

आधी गुच्छाच्या आतली जुळणी सापडली. शास्त्री यांनी 1968 मध्ये दाखवलं, की काही गुच्छांत मधली महाकाय दीर्घिका गुच्छाच्याच दिशेने लांबट असते. हे पुढे पुन्हा पुन्हा खरं ठरलं.

गुच्छा-गुच्छांमधल्या जुळणीची नाव घेण्याजोगी पहिली परीक्षा ब्रुनो बिंगेली यांची, 1982 ची. 44 अबेल गुच्छ तपासून ते म्हणाले, की शेजारी आजच्या मापाने साधारण 7 कोटी प्रकाशवर्षांच्या आत असेल तर गुच्छाचा अक्ष त्याच्याकडे रोखलेला असतो. 1985 मध्ये स्ट्रुबल आणि पीबल्स यांनी हीच परीक्षा दोनशेहून अधिक गुच्छांवर घेतली आणि त्यांना एवढं ठळक काही दिसलं नाही. हेच ते जेम्स पीबल्स, ज्यांना 2019 चं भौतिकीचं नोबेल मिळालं. मग दशकभर तळ्यात-मळ्यात चाललं. 1989 मध्ये अल्मर आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांतल्या आकारांवरून पाहिलं, जुळणी नाही. 1994 मध्ये प्लिओनिस यांनी मोठी यादी घेतली, जुळणी आहे.

कोंडी फोडली ती स्लोन या आकाशाच्या मोठ्या डिजिटल सर्वेक्षणाने. 2012 मध्ये स्मार्गन, मँडेलबाउम, बाकॉल आणि निडरस्टे-ओस्थोल्ट यांनी दोन स्वतंत्र याद्या वापरल्या, एक 6,625 गुच्छांची, दुसरी 8,081 ची. रोखाची जुळणी त्यांना साधारण 46 कोटी प्रकाशवर्षांपर्यंत सापडली, एका यादीत 6 सिग्मा आणि दुसऱ्या यादीत 10 सिग्मा इतकी (सिग्मा म्हणजे योगायोगाने अपेक्षित हलवाहलवीच्या किती पट). समांतरता मात्र 9 कोटींच्या आतच, आणि तीही जेमतेम 2 ते 2.5 सिग्मा. 2005 मध्ये हॉपकिन्स, बाकॉल आणि बोडे यांच्या सिम्युलेशनने एवढ्याच लांबीचा अंदाज दिला होता.

तेव्हा कुणी विचारलं 'जुळतात का?' तर माझं उत्तर: रोख धरतात, हे आता मान्य करायला हरकत नाही. ते समांतर असतात, हे मी अजून छातीठोकपणे सांगणार नाही.

8. इतक्या हुशार लोकांना उलटसुलट उत्तरं कशी मिळाली?

याद्या लहान होत्या, हे प्रश्न 5 मध्ये आलंच. पण तेवढंच कारण नाही.

जॉर्ज अबेल यांनी 1958 मध्ये पालोमारच्या फोटोपट्ट्या डोळ्यांनी पाहून 2,712 गुच्छ निवडले. कामाचा आवाका थक्क करणारा आहे, पण पुढच्या-मागच्या दीर्घिका फोटोत एकावर एक पडतात आणि नसलेला गुच्छ दिसतो, किंवा असलेल्याचा आकार बिघडतो. दोन गुच्छ जवळ असतील तर मधल्या दीर्घिका दोघांच्याही खात्यात जातात आणि दोघं आपसूक एकमेकांकडे लांबट 'दिसतात'. जुळणी शोधणाऱ्याला हवं तेच मिळतं, म्हणून हा सापळा सर्वांत वाईट.

उलट दिशेचा सापळा म्हणजे कोनातली अनिश्चितता. ती जुळणी निर्माण करत नाही, पुसते. स्थितिकोनात 20 अंशांची अनिश्चितता असेल तर खऱ्या जुळणीचा 78 टक्केच भाग उरतो, 30 अंशांची असेल तर 58. आणि 30 अंश म्हणजे काही फार नाही. एखादा गुच्छ पूर्ण गोल असला आणि तुम्ही त्याच्या फक्त 50 दीर्घिका मोजल्या, तरी निव्वळ मोजणीच्या गडबडीने तो सरासरी 100 ला 84 असा लांबट दिसेल. त्या लांबटपणाच्या दिशेला काडीचा अर्थ नसतो. गोलसर गुच्छ म्हणूनच वगळतात किंवा त्यांना कमी वजन देतात.

9. माझ्या आलेखात 90 अंशांपाशी ढीग दिसतोय! सगळे गुच्छ पूर्व-पश्चिम आहेत?

हा आलेख आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने पाठवला होता. शून्यापासून 180 पर्यंत बुटके खांब आणि मधोमध एक टोलेजंग. आनंदाने पाठवला होता, म्हणून वाईट वाटलं.

तिने विषुवांशातला फरक क्रांतीच्या कोसाइनने गुणलेला नव्हता. क्रांती 60 अंश असेल तर विषुवांशाचा एक अंश आकाशात अर्ध्याच अंशाइतका असतो. ते न गुणता आकार काढला की प्रत्येक गुच्छ पूर्व-पश्चिम दुप्पट ताणला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: ढीग क्रांतीबरोबर वाढत गेला तर दोष गणिताचा. तिने एक ओळ बदलली आणि खांब बसला.

कुठल्याही यादीत आधी नुसत्या स्थितिकोनांचा आलेख काढा, शेजाऱ्यांचा विचार नंतर. तो सपाट नसेल तर पुढे जाऊच नका.

10. रेडशिफ्टमुळे नेमकं काय बिघडतं?

रेडशिफ्टमध्ये विस्ताराचा वेग आणि दीर्घिकेचा स्वतःचा वेग दोन्ही मिसळलेले असतात. गुच्छाच्या आत दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतात. नकाशावर गुच्छ आपल्या दृष्टिरेषेत बोटासारखा लांब होतो आणि प्रत्येक बोट पृथ्वीकडे दाखवतं. या नकाशावरून त्रिमितीतले आकार काढले तर सगळे गुच्छ एकाच बिंदूकडे, म्हणजे आपल्याकडे रोखलेले निघतील. म्हणून आकार आकाशाच्या पृष्ठभागावर मोजतात आणि रेडशिफ्ट फक्त 'हा खरंच शेजारी आहे की नुसता त्याच दिशेला दिसतोय' हे ठरवायला वापरतात.

11. गुच्छाचा अक्ष आपल्याकडेच असेल तर?

मग तो आपल्याला गोल दिसतो आणि परीक्षेतून निसटतो. सर्वांत जवळचं उदाहरण नेमकं असंच आहे. कन्या गुच्छाचा लांब अक्ष जवळजवळ आपल्या दृष्टिरेषेतच आहे. वेस्ट आणि ब्लेकस्ली यांनी 2000 मध्ये त्यातल्या तेजस्वी लंबगोल दीर्घिकांची अंतरं घेऊन तो शोधला, आणि तो अक्ष पुढे वाढवला तर अबेल 1367 कडे जातो. तोच अबेल 1367, ज्याच्याकडे कोमाचाही रोख आहे (प्रश्न 4).

यातली खोच अशी, की आपल्या दिशेने लांबट असलेले गुच्छ फोटोत दाट दिसतात, म्हणून यादीत त्यांची निवड जास्त होते. स्मार्गन यांच्या चमूनेही निवडीच्या परिणामावर अजून काम हवं असं लिहूनच ठेवलं आहे. जुळणी आहे की नाही यापेक्षा ती नेमकी किती, हा प्रश्न इथे अडतो.

12. काका, जानापाववरून दुर्बिणीतून हे दिसेल का?

जुळणी नाही दिसणार, ती आकडेवारीत असते. पण एप्रिलच्या काळोख्या रात्री महूजवळच्या जानापाववरून सहा-आठ इंची दुर्बिणीत कन्या गुच्छातल्या एम 84, एम 86 आणि एम 87 या दीर्घिका धुरकट ठिपक्यांसारख्या दिसतात. इंदूर शहरातून प्रयत्न करू नका.

13. म्हणजे विश्वाला एक ठरावीक दिशा आहे का?

गुच्छांच्या जुळणीतून तसं निघत नाही. प्रत्येक गुच्छ आपापल्या शेजाऱ्याकडे पाहतो, सगळे मिळून एकीकडे नाही. क्वेसारांच्या (दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या) प्रकाशाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशेत, अब्जावधी प्रकाशवर्षांच्या जुळण्या दिसतात असं हुत्सेमेकर्स आणि सहकारी 1998 पासून सांगत आले आहेत, 2014 मध्ये चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरूनही त्यांनी तसं मांडलं. रेडिओ तरंगांतल्या मोठ्या नमुन्यात मात्र तशी जुळणी मिळाली नाही. तो वेगळा वाद आहे, इथे मिसळू नका.

14. याचा ग्रहयोगाशी, पत्रिकेशी काही संबंध?

नाही.

15. एवढा खटाटोप कशासाठी? उपयोग काय?

एक थेट उपयोग आहे. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या वस्तुमानाने किंचित वाकतो आणि त्यांचे आकार एका दिशेला सूक्ष्म ताणले जातात. त्यावरून कृष्णद्रव्याचा नकाशा काढतात. जुलै 2023 मध्ये सुटलेली युक्लिड दुर्बीण आणि चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा यांच्या मुख्य कामांपैकी हे एक. आता आकार मुळातच एकमेकांकडे झुकलेले असतील तर तो झुकाव वाकलेल्या प्रकाशाच्या खात्यात जमा होतो. गुच्छांत तो जास्त स्पष्ट मोजता येतो, म्हणून दीर्घिकांमधला झुकाव समजून घ्यायला गुच्छ कामी येतात.

16. सरस्वती महागुच्छावर ही परीक्षा घेता येईल का?

मोह होणं साहजिक आहे. पुण्याच्या आयुकातल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये जाहीर केलेला हा महागुच्छ, म्हणजे गुच्छांचा गुच्छ, मीन राशीत, सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यात 43 गुच्छ आहेत. पण 43 म्हणजे बिंगेलींच्या 44 ला एक कमी. प्रश्न 5 मधला 4 अंशांचा हिशोब इथेही तसाच लागू. शिवाय एकाच महागुच्छातले 43 एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, म्हणजे खरी अनिश्चितता त्याहून मोठी. सरावाला उत्तम, निष्कर्षाला अपुरा.

17. घरच्या लॅपटॉपवर करायचं असेल तर सुरुवात कुठून?

स्लोन सर्वेक्षणाची माहिती सगळ्यांना फुकट खुली आहे. तिच्यातूनच वेन, हान आणि लिऊ यांनी 2012 मध्ये 1,32,684 गुच्छांची यादी केली, तीही मिळते. एवढी सगळी घेऊ नका. रेडशिफ्ट 0.1 च्या आसपासचे, भरपूर सदस्य असलेले काही शे गुच्छ निवडा आणि सर्वेक्षणाच्या कडेजवळचे काढून टाका, कारण कडेला गुच्छ कापला जातो आणि कडेला समांतर लांबट दिसतो. पायथन येत असेल तर बरं, नसेल तर स्प्रेडशीटमध्येही पहिला टप्पा होतो.

क्रम असा ठेवा: आधी प्रश्न 9 मधला सपाट आलेख, मग प्रश्न 4 मधलं कोमाचं उदाहरण स्वतः करून 69 आणि 61 येतात का ते पाहणं, आणि त्यानंतर पिसलेल्या कोनांचे हजार प्रयोग. खरे कोन सर्वांत शेवटी उघडा. आधी उत्तर पाहिलं की माणूस यादीतले 'संशयास्पद' गुच्छ बरोबर त्याच बाजूचे काढायला लागतो.

आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणजे जाणकार माणसं सिमरोळपर्यंत गेलं की भेटतात. जाताना आलेख न्या, आणि पिसलेल्या कोनांचाही न्या, कारण पहिला प्रश्न त्याबद्दलच येईल.